गाडी तुमची, कर्ज मुलाच्या नावावर?

पत्र (थोडक्यात): कोल्हापुरात माझी दहा टायर गाडी (ट्रक) आहे, मीच चालवतो, महिन्याला 45,000 उरतात. मुलगा बारावी कॉमर्स 61 टक्क्यांनी पास झाला, नुकतीच अठरा पूर्ण झाली. लॉकडाऊनमध्ये हप्ते थकले, त्यामुळे माझा सिबिल खराब आहे. म्हणून दुसरी गाडी त्याच्या नावावर घेतोय, तोच चालवेल, कमाई दुप्पट होईल. सोबत घरबसल्या होईल अशी एखादी पदवी सुचवा. मुलगा काही बोलत नाही, म्हणजे त्याची हरकत नसावी.

दादा, पदवीचं आधी उरकून टाकतो. मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. होतं, बीबीए-बीएमएसला आता सीईटी द्यावी लागते, सीए फाउंडेशनलाही बसता येईल. 61 टक्क्यांत यातलं काहीच अडत नाही.

मला घोर लागलाय तो तुमच्या शेवटच्या वाक्याचा. अठरा वर्षांचा मुलगा बापासमोर गप्प बसला, तर त्याला होकार म्हणायचं? तुमच्या घरात सिबिल स्वच्छ असलेलं एकच नाव उरलंय, आणि तेच तुम्ही गहाण टाकायला निघालात. पुढची काही वर्षं ते कर्ज त्याच्या डोक्यावर. दोन हप्ते चुकले की उद्या त्याला शिक्षणासाठी किंवा घरासाठी कर्ज हवं असेल तेव्हा बँक तुमचं नाही, त्याचं रेकॉर्ड काढणार. तुमचा सिबिल कसा गेला हे तुम्हीच लिहिलंय. त्यात तुमची चूक नव्हती, पण बँकेने ते ऐकून घेतलं का?

शिवाय आरसी बुकावर मालक तोच असेल. व्यावसायिक वाहनाचा परवाना विसाव्या वर्षाआधी मिळत नाही, म्हणजे पहिली दोन वर्षं गाडीवर एक तर पगारी ड्रायव्हर, नाहीतर परवान्याशिवाय तुमचा मुलगा. या दुसऱ्या वाटेचा विचारही मनात आणू नका. परवाना नसलेल्या हाताने अपघात झाला, तर विमा कंपनी समोरच्याला भरपाई देऊन तीच रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. इथे मालक म्हणजे कॉलेजचं पहिलं वर्षही न झालेला पोरगा.

आता तो गैरसमज, दोन गाड्या म्हणजे दुप्पट कमाई. तुमच्या गाडीचे हप्ते फिटलेत आणि स्टेअरिंगवर तुम्ही स्वतः बसता, म्हणून महिन्याला 45,000 उरतात. त्यातून आधी तुमचाच पगार वजा करा. दुसऱ्याच्या गाडीवर गेला असता तर भत्त्यासकट 25,000 तरी मागितले असते ना? राहिले 20,000. त्यातून टायर, इन्शुरन्स, पासिंग (आरटीओची तपासणी), इंजिनकाम यांचे पैसे दरमहा बाजूला काढा. (वहीत हे खर्च एकदाच दिसतात, म्हणून बाकीचे महिने उगाच चांगले वाटतात.) जे काही उरेल तेवढीच गाडीची खरी कमाई, आणि नव्या गाडीचा हप्ता त्यातूनच जायचाय. शिरोली, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतून कास्टिंग (फाउंड्रीतले ओतीव भाग) भरून जाताना भाडं मिळतं, गुळाच्या हंगामात गुजरातचंही मिळतं. परतीचं काय? रिटर्न भाड्यासाठी गाडी दोन-तीन रात्री उभी राहते, हे तुम्ही मला सांगायचं. वर दलाली कापतात, माल उतरवताना वाराई (हमालीचे पैसे) मागतात, आणि पोच (माल मिळाल्याची सही-पावती) दिल्याशिवाय बाकी हातात पडत नाही. ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ म्हणून गाडीवाले किती वर्षं ओरडतायत, तरी हमाली त्यांच्याच माथी. एका गाडीत हे निभतं, कारण तुम्ही स्वतःच्या झोपेचा भाव लावत नाही. दुसऱ्या गाडीत ती झोप पोराची जाईल.

गाडीचा धंदा हलका आहे असं माझं म्हणणं नाही. विशीनंतर त्याला स्वतःला स्टेअरिंगवर बसावंसं वाटलं, तर रीतसर शिकू दे, परवाना काढू दे, मी आडवा येणार नाही.

पण तुमच्या पत्रात एक ओळ आहे, तुम्ही सहज लिहून पुढे गेलात. मुलगा ई-वे बिलाची (मालासोबत लागणाऱ्या ऑनलाइन कागदाची) मुदत बघतो, फास्टॅगमधून टोल दोनदा कापला गेला तर तक्रार करून पैसे परत आणतो, डिझेलचा हिशेब त्याच्याच वहीत असतो. हे त्याला कुणी शिकवलं? फाउंड्रीच्या डिस्पॅचला किंवा ट्रान्सपोर्ट ऑफिसात नेमकं हेच काम असतं. सुट्टीत दोन महिने अशा ठिकाणी बसू दे, पगार कमी मिळाला तरी चालेल. सोबत बी.कॉम. नियमित कॉलेजातून, बाहेरून नको. टेबलाच्या त्या बाजूने भाडी कशी ठरतात ते त्याला दिसेल. कदाचित आवडणारही नाही. मग निदान सीएकडे जायचं की आणखी कुठे, हे तो पाहून ठरवेल.

फायनान्सवाल्याकडे सह्या झाल्या नसतील तर उद्याच थांबवा. बुकिंगचे पैसे दिले असतील तर ते मागून घ्या, थोडे कापले तरी सोडून द्या. आणि पुढचं पत्र त्याला लिहू द्या. तुमची गाडी गुजरातच्या फेरीवर असेल त्या आठवड्यात, तुम्ही घरी नसताना.