वाचक विचारतात : 'सिंटॅक्स' संपवून 'पोएट्री'त गेला म्हणजे नक्की कुठे गेला?

प्रश्न : नमस्कार. मी एका जुन्या युरोपियन खगोलशास्त्रज्ञाचं चरित्र वाचतोय, तो लहानपणी जेझुइट या कॅथलिक संघाच्या पाद्र्यांच्या शाळेत होता. त्यात सारखं येतं की अमुक साली तो 'सिंटॅक्स'मध्ये होता, पुढच्या वर्षी 'पोएट्री'त गेला, मग 'ऱ्हेटरिक' केलं. पण या माणसाने जन्मात कधी कविता केल्याचं पुस्तकात कुठेच नाही. मग हे विषय आहेत की डिग्री? आणि दहा-अकरा वर्षांचा मुलगा 'कॉलेज'मध्ये कसा काय?

उत्तर : तुमचा प्रश्न वाचून मला फार आनंद झाला, कारण मीसुद्धा पहिल्यांदा ही नावं वाचली तेव्हा अशीच अडकले होते. हे विषय नाहीत आणि डिग्रीही नाही, ही इयत्तांची नावं आहेत. आपण पाचवी, सहावी, सातवी म्हणतो तसं ते लोक फिगर्स, रुडिमेंट्स, ग्रामर, सिंटॅक्स, पोएट्री, ऱ्हेटरिक असं म्हणायचे. इंग्लंडमधल्या स्टोनीहर्स्ट या जेझुइट शाळेत ही नावं वर्षानुवर्षं चालली. कॅनडात क्युबेकच्या जुन्या कॉलेजांमध्ये आठ वर्षांचा कोर्स असायचा आणि तिथल्या पायऱ्या होत्या लॅटिनची मूलतत्त्वं, सिंटॅक्स, मेथड, व्हर्सिफिकेशन, बेल-लेत्र, ऱ्हेटरिक आणि शेवटची दोन वर्षं फिलॉसॉफी. म्हणजे 'मी व्हर्सिफिकेशनला आहे' असं मुलगा सांगायचा तेव्हा समोरच्याला त्याचं वयसुद्धा अंदाजाने कळायचं.

'कॉलेज' या शब्दाचा अर्थही तेव्हा आजच्यासारखा 'बारावीनंतरचं' असा नव्हता. एकत्र राहून शिकणाऱ्यांची आणि शिकवणाऱ्यांची संस्था म्हणजे कॉलेज, मग त्यात दहा वर्षांचा मुलगाही आला आणि वीस वर्षांचा तरुणही आला. शाळा आणि कॉलेज यांच्यामध्ये भिंत नव्हती, एकच लांब जिना होता.

या जिन्याचा आराखडा १५९९ साली पक्का झाला. जेझुइट संघाने सगळ्यांसाठी मुद्दाम खुली अशी पहिली शाळा सिसिलीत मेसिना इथे १५४८ ला काढली, पाठोपाठ १५५१ ला रोममध्ये रोमन कॉलेज निघालं, आणि पुढे शाळा इतक्या भराभर वाढल्या की प्रत्येक ठिकाणी वेगळं काहीतरी शिकवलं जाऊ नये म्हणून नियम करायची वेळ आली. १५८६ ला एक मसुदा झाला, १५९१ ला दुसरा, शिक्षकांचे अनुभव मागवले, दुरुस्त्या केल्या आणि मग १५९९ ला संघप्रमुख क्लाउदिओ अक्वाविवा यांच्या काळात 'रात्सिओ स्टुडिओरम' म्हणजे अभ्यासाची पद्धत आणि क्रम सांगणारी नियमावली बाहेर आली. त्यात खाली व्याकरणाचे तीन वर्ग, त्यावर ह्युमॅनिटीज, त्यावर ऱ्हेटरिक म्हणजे वक्तृत्व, मग तीन वर्षं फिलॉसॉफी आणि ज्यांना पुढे धर्मगुरू व्हायचंय त्यांना चार वर्षं थिऑलॉजी म्हणजे धर्मशास्त्र. यातला 'ह्युमॅनिटीज'चा वर्ग म्हणजेच पुढे रूढ झालेली 'पोएट्री'.

आता खरी गंमत. वर्गाचं नाव होतं त्या वर्षी अंगात काय मुरायला हवं त्यावरून. सिंटॅक्सच्या वर्षी वाक्यरचना पक्की झाली पाहिजे, पोएट्रीच्या वर्षी भाषेचा कान तयार झाला पाहिजे, शब्दांचा साठा वाढला पाहिजे, आणि ऱ्हेटरिकमध्ये उभं राहून सलग, मुद्देसूद, ऐकणाऱ्याला पटेल असं बोलता आणि लिहिता आलं पाहिजे. मला हे फार आवडतं, 'सहावी' या आकड्यातून काहीच कळत नाही, पण 'सिंटॅक्स' म्हटलं की या पोराकडून काय अपेक्षा आहे ते लगेच कळतं. आणि हुशार मुलगा वर्ष संपायची वाट न बघता मध्येच वरच्या वर्गात ढकलता येईल अशी सोयही नियमांत होती. तेव्हा तुमच्या शास्त्रज्ञाने पोएट्री केली म्हणजे त्याने रोमन कवी वाचले आणि छंदात लॅटिन ओळी रचायचा सरावही केला, पण कवी होण्यासाठी नाही.

प्रश्न : एवढी वर्षं नुसतं लॅटिन? ही सगळी घोकंपट्टीच असणार ना? माझ्या मुलीला आठवीला संस्कृत आहे, ती 'रामः रामौ रामाः' करूनच वैतागली आहे.

उत्तर : तुमच्या मुलीला माझा नमस्कार सांगा. पाठांतर होतंच आणि भरपूर होतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. 'रोझा, रोझे, रोझाम' असं गुलाबाचं विभक्तीरूप शेकडो वर्षं मुलांनी तोंडपाठ केलं. सकाळी शिक्षक येईपर्यंत वर्गातल्याच निवडलेल्या मुलांनी, त्यांना 'डेक्युरियन' म्हणत, बाकीच्यांचं पाठांतर ऐकून घ्यायचं आणि वहीत नोंद करायची. शनिवारी अख्ख्या आठवड्याची उजळणी.

पण घोकंपट्टी म्हणून सोडून देऊ नका, कारण पाठांतराच्या आधी काय व्हायचं ते बघण्यासारखं आहे. त्याला प्रिलेक्शन म्हणत. समजा सिसेरो या रोमन वक्त्याच्या भाषणातल्या सात-आठ ओळी आजचा धडा आहे. शिक्षक आधी तो उतारा सलग मोठ्याने वाचणार, मध्ये थांबायचं नाही. मग थोडक्यात सांगणार की हे कशाबद्दल आहे आणि काल वाचलं त्याच्याशी याचा संबंध काय. मग परत पहिल्या वाक्यापासून सुरुवात, अवघड वाक्य सोडवून दाखवायचं, कोणता शब्द कोणत्या शब्दाला धरून आहे, क्रियापद शेवटी का गेलं. आणि तिसऱ्या फेरीत त्या-त्या वर्गाला झेपतील तेवढ्याच टिपा द्यायच्या, म्हणजे व्याकरणाच्या वर्गात नियम सांगायचा आणि ऱ्हेटरिकच्या वर्गात हाच उतारा असेल तर इथे वक्त्याने प्रश्न का विचारला, सरळ आरोप का नाही केला, हे सांगायचं. हे सगळं झाल्यावर तो उतारा पाठ करायचा. समजलेलं पाठ करणं आणि न समजलेलं पाठ करणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे हो, आणि मी स्वतः मुलांना भाषा शिकवते म्हणून हे अगदी छातीवर हात ठेवून सांगते.

आणखी एक गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त भिडली. व्याकरणाच्या वर्गात शनिवार सोडून रोज काहीतरी लिहून आणायचं असायचं आणि ते तपासायचं कसं तर एकेका मुलाला जवळ बोलावून, हळू आवाजात, बाकीची मुलं तोपर्यंत आपापलं काम करतायत. नियमावलीत तसं लिहून ठेवलंय. म्हणजे सोळाव्या शतकाच्या शेवटी कुणीतरी बसून विचार केला होता की एरवी मुलाची चूक त्याला एकट्याला जवळ घेऊन सांगावी. शिक्षाच द्यायची वेळ आली तर शिक्षकाने स्वतः हात उगारायचा नाही, त्यासाठी संघाबाहेरचा वेगळा माणूस नेमायचा, असंही होतं. मारच नको असं कुणाला सुचलं नाही याचं वाईट वाटतं, पण शिकवणारा हात मारणारा नको एवढं तरी सुचलं होतं.

वर्गात चुरसही लावत. प्रत्येकाला एक ठरलेला प्रतिस्पर्धी, तो चुकला की आपण उठून दुरुस्त करायचं. बऱ्याच ठिकाणी अर्धा वर्ग रोम आणि अर्धा कार्थेज, म्हणजे प्राचीन काळातली दोन हाडवैरी शहरं. कुणाला हे आवडेल, कुणाला नाही, मला स्वतःला बुजऱ्या मुलांची काळजी वाटते.

ज्याबद्दल मला खरंच राग येतो ती गोष्ट वेगळी. मातृभाषेला वर्गात जवळजवळ जागाच नव्हती, वरच्या वर्गांत तर लॅटिनमध्येच बोलायचं. स्वतःच्या भाषेत नीट लिहायला शिकवणं हे रीतसर अभ्यासक्रमात आलं ते १८३२ च्या सुधारित आवृत्तीत. मध्ये १७७३ ला पोपने संघच बरखास्त केला होता, १८१४ ला तो परत उभा राहिला, आणि तोवर जग बदललं होतं म्हणून मातृभाषा, इतिहास, भूगोल, गणित यांना जास्त वेळ द्यावा लागला.

मात्र लॅटिन व्याकरणाची ही तालीम आपल्यापर्यंत एका वेगळ्याच वाटेने पोचली आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लिश जेझुइट १५७९ ला गोव्यात आले आणि त्यांनी मराठी ओवीत लिहिलेलं 'ख्रिस्तपुराण' १६१६ ला छापलं गेलं. कोकणी भाषेचं व्याकरणही त्यांनी लिहिलं, ते त्यांच्या मृत्यूनंतर १६४० ला राचोलला छापलं. परकी भाषा कानावर पडली की तिचे प्रत्यय सुटे करून मांडायचे, ही सवय या माणसांना व्याकरण-वर्गांनी लावली होती असं मला वाटतं.

प्रश्न : गणित-विज्ञान अजिबात नव्हतं का?

उत्तर : होतं, पण उशिरा. फिलॉसॉफीच्या तीन वर्षांत पहिलं लॉजिक, मग निसर्गाचं शास्त्र, शेवटी मेटाफिजिक्स म्हणजे अस्तित्वाच्या मुळाशी जाणारं तत्त्वज्ञान, सगळं ॲरिस्टॉटलच्या आधाराने. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना रोज साधारण पाऊण तास युक्लिडची भूमिती. पाऊण तास कमीच वाटतो, तरी रोमन कॉलेजात गणित शिकवणारे क्रिस्तोफर क्लाविउस हेच १५८२ च्या ग्रेगोरियन कॅलेंडरमागचे एक प्रमुख गणिती, म्हणजे आज आपल्या भिंतीवर टांगलेलं कॅलेंडर. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तही फ्रान्समधल्या ला फ्लेश या जेझुइट कॉलेजचाच विद्यार्थी. त्याला पुढे तिथे शिकलेलं बरंचसं अपुरं वाटलं, तरी फिलॉसॉफी शिकायला ला फ्लेशइतकी चांगली जागा नाही असं त्याने एका ओळखीच्याला कळवलं होतं.

प्रश्न : 'मायनर सेमिनरी' आणि अशा कॉलेजमध्ये फरक काय? दोन्हीकडे शिकलेले सगळे पाद्रीच होत का?

उत्तर : नाही. कॉलेजमध्ये वकील, दरबारी, व्यापारी सगळ्यांची मुलं असत, चर्चवर कडक टीका करणारा फ्रेंच लेखक व्हॉल्तेअरसुद्धा पॅरिसच्या लुई-ल-ग्राँ या जेझुइट कॉलेजातलाच. सेमिनरी मात्र धर्मगुरू घडवण्यासाठीच. तिचा पाया कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मपरिषदेने १५६३ ला घातला. प्रत्येक धर्मप्रांताने अशी संस्था काढावी, मुलगा किमान १२ वर्षांचा असावा, लिहिता-वाचता येणारा, आणि निवडताना गरिबांच्या मुलांना आधी घ्यावं, श्रीमंतांची मुलं आली तर त्यांनी आपला खर्च आपण करावा. हे वाक्य मी जेव्हा वाचते तेव्हा थांबते. ज्या घरात पुस्तक नव्हतं त्या घरातला मुलगा अशा ठिकाणी जाऊन आठ-दहा वर्षं शिकू शकत होता.

अभ्यास काय, तर व्याकरण, गायन, बायबल, संतांची प्रवचनं, विधी कसे करायचे, आणि एक मजेदार विषय म्हणजे चर्चचं कालगणित. ईस्टर दरवर्षी वेगळ्या तारखेला येतो, २१ मार्चला किंवा नंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार, आणि ती पौर्णिमाही आकाशात बघून नाही तर ठरलेल्या कोष्टकावरून. आपल्याकडे पंचांग बघता येणं जसं, तसं तिथे हे यायलाच हवं.

पुढे शाळेच्या वयाची ती मायनर आणि वरची ती मेजर सेमिनरी अशी विभागणी झाली. १९१७ च्या चर्च कायद्यात मायनरला धर्मशिक्षण, लॅटिन आणि मातृभाषा नीट, शिवाय त्या देशातल्या सुशिक्षित माणसाला यावेत ते विषय, आणि त्यानंतर किमान दोन वर्षं फिलॉसॉफी, चार वर्षं थिऑलॉजी असं स्पष्ट आहे. १९६० च्या दशकात हे सगळं झपाट्याने बदललं, १९६५ ला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने धर्मगुरूंच्या शिक्षणाचा नव्याने विचार मांडला, आणि क्युबेकची ती आठ वर्षांची कॉलेजंसुद्धा १९६७ पासून सरकारी कॉलेजं सुरू झाल्यावर एकेक करून मिटली.

प्रश्न : आणि मुली?

उत्तर : या जिन्यावर मुली नव्हत्या. मेरी वॉर्ड नावाच्या इंग्लिश बाईने १६०९ पासून जेझुइटांच्याच धर्तीवर स्त्रियांचा संघ उभा करून मुलींसाठी शाळा काढल्या, मुलींना लॅटिनही शिकवलं, आणि १६३१ ला पोपने तो संघ बंद केला. तिच्या मागे राहिलेल्या बायकांनी तरीही काही ठिकाणी शिकवणं सोडलं नाही, आणि त्या परंपरेतल्या शाळा आजही चालू आहेत. पुढच्या अंकात जागा मिळाली तर फक्त तिच्यावरच लिहीन.