दैनिकाने मी काढलेला फोटो माझं नाव न देता छापला. मला नाव मागता येतं का?

हो, नक्की मागा. भारतीय कॉपीराइट कायदा, 1957 नुसार फोटोचा कर्ता म्हणजे तो काढणारा माणूस. कलम 57 तर स्पष्ट सांगतं की हक्क विकले तरी 'हे काम माझं आहे' म्हणण्याचा अधिकार कर्त्याकडेच राहतो. म्हणजे मानधन मिळालं म्हणून नाव गेलं, असं होत नाही.

माझा दिवे घाटातला वारीचा फोटो एका दैनिकाने 'साभार : इंटरनेट' असं लिहून छापला होता. पहाटेपासून कठड्यावर बसून मिळवलेली फ्रेम होती ती. फार लागलं मनाला. इंटरनेट काय फोटो काढतं?

मी संपादकांना ईमेल केला. सोबत छापलेल्या पानाचा फोटो, मूळ रॉ फाईल (कॅमेऱ्यातून जशीच्या तशी आलेली, प्रक्रिया न केलेली) आणि त्याच्या आधीनंतरच्या चार-पाच फ्रेम जोडल्या. या लागोपाठच्या फ्रेम फार कामी येतात, कारण त्या फोटो उचलणाऱ्याकडे नसतातच. तिसऱ्या दिवशी नावासह दुरुस्ती छापून आली.

तुम्हीही 'छायाचित्र :' पुढे स्वतःचं नाव टाकून दुरुस्ती मागा, आणि मानधनाचं त्याच पत्रात लिहा. ईमेलला दाद दिली नाही, तर वकिलाची नोटीस.