चवथीचं मोदकपात्र नको, रोजच्यासाठी वेगळा स्टीमर घ्या

तुम्ही विचारलंय की पणजीत नवी नोकरी, भाड्याची खोली, संध्याकाळी सातला घरी पोचल्यावर फार खटाटोप नको. अशा वेळी स्टीमर घ्यावा, की तो चार दिवसांत माळ्यावर जाईल?

घ्या, पण आजच नको. आधी आठवडाभर कुकरवरच करून बघा. शिट्टी काढून ठेवा, तळाला दोन बोटं पाणी, त्यात रिंग किंवा उलटी वाटी, वर भोकांची ताटली. वाफेवरचं जेवण आपल्याला रुचतं की नाही ते एवढ्यात कळतं.

आमच्याकडे फोंड्याला मोदकपात्र होतंच. नागपंचमीच्या पातोळ्यांना आणि चवथीला खाली उतरायचं, मग परत माळ्यावर. त्यात भोपळा उकडला असता तर कुणी हूं की चूं केलं नसतं. पण मी एकदा बांगडा ठेवायला निघाले आणि सासूबाईंनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्याच दिवशी बाजारातून स्टीलचं दोन मजल्यांचं पात्र आणलं. गेली सहा वर्षं रोज वापरात आहे ते हेच.

पहिल्याच आठवड्यात मी घोळ घातला. बांगडे वरच्या मजल्यावर आणि रताळी खाली. सासऱ्यांनी रताळं तोंडात घातलं आणि विचारलं, "ह्याला नुस्त्याचा वास कसा?" वरचं पाणी खाली गळणारच, हे डोक्यातच आलं नव्हतं. तेव्हा मासळी नेहमी खाली, भाजी वर. आणि सगळं एकदम भरायचं नाही. रताळ्याच्या जाड फोडींना वीसेक मिनिटं लागतात, भोपळ्याला दहा, फरसबीला सात-आठ, मध्यम बांगड्याला दहा. ज्याला वेळ जास्त ते आधी चढवायचं, बाकीचं मागाहून. फरसबी जास्त वेळ ठेवली की हिरवा रंग जाऊन ती खाकी दिसते.

वाफेवरचं बेचव लागतं म्हणणाऱ्यांचं अगदीच चुकत नाही. वाफेवर काही खरपूस होत नाही, त्यामुळे चव आपणच घालावी लागते. फरसबीला वरून मोहरी, हिंग, हिरवी मिरची यांची फोडणी आणि मूठभर ओलं खोबरं घातलं की झाली भाजी.

बांगड्याचं मात्र नीट सांगते. ओलं खोबरं, चार-पाच सुक्या मिरच्या, थोडी हळद आणि आमसूल घट्ट वाटून घ्या, पाणी अगदी चमचाभर. सात-आठ तिरफळं बिया काढून, ठेचून त्यात मिसळा. वाटू नका, कडवट होतं. बांगड्याला दोन्ही बाजूंनी चिरा पाडून मीठ चोळा, वाटण चिरांत भरा आणि हळदीच्या पानात गुंडाळा. दहा मिनिटांनी पान उघडलंत की आधी हळदीच्या पानाचा वास येतो, मग तिरफळाचा. वर अर्धा चमचा कच्चं खोबरेल आणि सोबत उकड्या तांदळाचा भात. गोव्यात मासेमारीची बंदी ३१ जुलैला संपते आणि परसातली हळदीची पानंही त्याच सुमारास मोठी होतात. आमच्या घरी श्रावण पाळतात, त्यामुळे हे सगळं समोर दिसत असूनही चवथ होईपर्यंत थांबावं लागतं, ते वेगळं. पान नसेल तर केळीचं घ्या. चालतं, पण तो वास नाही. कोळंबी मात्र वाफेवर जपून, चार-पाच मिनिटांच्या वर गेली की रबर.

विजेवरचा घ्यावा का? पावसाळ्यात ऐन संध्याकाळी लाईट गेली की बसा कच्च्या बांगड्याकडे बघत. शिवाय प्लॅस्टिकचे मजले हळदीने पिवळे पडतात आणि मासळीचा वास सोडत नाहीत. मी तरी शेगडीवरचाच घेईन.

पाण्यात एक नाणं टाकून ठेवा. पाणी उकळतंय तोवर ते खडखडत राहतं, आवाज थांबला की समजायचं पाणी आटलं. मी हे शिकले ते फोनवर बोलत बसून पात्राचा तळ काळानिळा केल्यावर. झाकण उघडताना ते आपल्यापासून लांबच्या बाजूने उचला. वाफ हातावर आल्यावर तिचं पाणी होताना दर ग्रॅमला साधारण ५४० कॅलरी उष्णता सोडते, म्हणून उकळत्या पाण्यापेक्षा ती जास्त भाजते. इडली किंवा पातोळ्या करताना झाकणाला आतून फडकं बांधा, नाहीतर थेंब पडून वरचा भाग चिकट होतो.

सकाळचा उंडो, म्हणजे आपला गोव्याचा गोल कडक पाव, रात्री दगड झाला असेल तर फडक्यात गुंडाळून दोन मिनिटं वाफेवर ठेवा, मऊ होतो. पण लगेच खा, गार झाला की पहिल्यापेक्षा वाईट.

माप म्हणाल तर २४ सेंमीच्या आसपासचं घ्या, दोन बांगडे आडवे मावतील असं. माझं थोडं लहान आहे, दर वेळी शेपट्या कापाव्या लागतात.