शेवटची चावी खिशात असतानाच

मोटरसायकलच्या चिपच्या किल्लीबद्दल बरीच पत्रं आली. त्यातली सहा इथे घेतो आहे. गाड्या वेगळ्या, गावं वेगळी, पण बहुतेकांची गाठ एकाच जागी बसली आहे. हातात एक किल्ली शिल्लक होती, तेव्हा दुसरी करून घ्यायची राहून गेली.

माझ्याकडे ट्रायम्फ स्पीड ४०० आहे. एक किल्ली हरवली, म्हणून बाजारातल्या चावीवाल्याकडून दीडशे रुपयांत दुसरी पाडून घेतली. हँडल लॉक निघतं, इग्निशन फिरतं, पण गाडी काही स्टार्ट होत नाही. चावी चुकीची कापली का? – कोल्हापूर

चावीवाल्याने काम चोख केलंय. त्याने धातूची चावी बनवली आणि धातूचं काम ती करते आहे. तुमच्या मूळ किल्लीत मात्र दोन किल्ल्या आहेत. एक खाचांची, जी कुलूप फिरवते. दुसरी प्लास्टिकच्या मुठीत बसवलेली चिप, जी गाडीच्या ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या छोट्या संगणकाला, आपली ओळख पटवते. चाकणहून २०२३ पासून बाहेर पडणाऱ्या तुमच्या गाडीत ही व्यवस्था कारखान्यातूनच येते.

या चिपला बॅटरी नसते. इग्निशनच्या कुलपाभोवती तारेचं एक वेटोळं असतं. किल्ली फिरवली की त्या वेटोळ्यात साधारण १२५ किलोहर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि चिपमधल्या इवल्याशा वेटोळ्यात वीज उपजते. मोबाईलचा वायरलेस चार्जर चालतो त्याच तत्त्वावर. जागी झालेली चिप आपला कोड सांगते. नव्या पद्धतीत गाडी एक आकडा पाठवते आणि चिप त्यावर गणित करून उत्तर परत करते. उत्तर जुळलं तर इंधन आणि ठिणगी सुरू, नाही जुळलं तर बंद. काही गाड्यांत सेल्फ फिरतो पण इंजिन धरत नाही, काहींत सेल्फसुद्धा फिरत नाही. साध्या स्प्लेंडरला असलं काही नसतं, म्हणून तिथे कापलेली चावी लगेच चालते आणि आपल्याला वाटतं सगळीकडे तसंच असणार.

तुमची एक मूळ किल्ली अजून शाबूत आहे, हे फार मोठं भांडवल आहे. आरसी, स्वतःचं ओळखपत्र आणि ती किल्ली घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला जा. ते नवी चिपची किल्ली मागवतील आणि संगणक जोडून ती गाडीच्या यादीत नोंदवतील. बाजारातली चावी फेकू नका. हँडल लॉक काढायला ती चालते आहेच, घरी राहू द्या.

हर्णैच्या किनाऱ्यावर बॅग वाहून गेली. त्यात गाडीच्या दोन्ही किल्ल्या होत्या. गाडी हँडल लॉक लावून उभी आहे. तिथला मेकॅनिक म्हणतो, इग्निशनच्या वायरी कापून डायरेक्ट करून देतो. करू का? – पुणे

नका करू. हे उत्तर जरा सविस्तर देतो, कारण याच घाईत लोक छोट्या खर्चाचा मोठा खर्च करून बसतात.

डायरेक्ट करणं म्हणजे इग्निशनच्या स्विचच्या वायरी एकत्र जोडणं. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीला ते पुरायचं, कारण तिथे स्विच जोडला की ठिणगी मिळायची. तुमच्या गाडीत वायरी जोडल्यावर मीटर लागेल, दिवे लागतील, पण ईसीयू चिपची वाट पाहत बसेल. चिप नाही म्हणून इंधन सोडणारा इंजेक्टर उघडणार नाही. मधल्या मध्ये हार्नेस, म्हणजे गाडीच्या वायरींचा जुडगा, कापला जाईल, आणि कापलेल्या हार्नेसमध्ये पुढे दोन वर्षं कधी दिवा जातो, कधी फ्यूज उडतो. माझ्याकडे अशा गाड्या येतात. किल्लीचं काम एका दिवसात होतं, वायरिंग निस्तरायला चार दिवस जातात.

आधी गाडी घरी आणा. विम्यात रोडसाइड असिस्टन्स घेतला असेल तर पॉलिसीवरच्या नंबरला फोन लावा. नसेल तर दापोलीहून छोटा टेम्पो मिळेल. पुढचं चाक वळलेल्या अवस्थेत अडकलेलं आहे, म्हणून गाडी ढकलत नेऊ नका, चौघांनी उचलूनच चढवा. पट्टे पुढच्या फोर्कला खालच्या बाजूने बांधा, हँडलच्या टोकाला नको. इग्निशनचं कुलूप ड्रिलने फोडू देऊ नका. त्याच्या तोंडाशी ते वेटोळं असतं, ते तुटलं की नवी किल्ली आणूनही गाडी ओळखणार नाही.

आरसी बॅगेतच गेली असेल तर डिजिलॉकर किंवा एमपरिवहनवरची प्रत कायद्याने चालते. हरवल्याची नोंद पोलिसांच्या लॉस्ट अँड फाउंड सेवेत ऑनलाइन करा आणि तिची प्रिंट काढून ठेवा.

आता किल्ली. आधी घरात शोधा. नव्या गाडीबरोबर धातूचा छोटा पत्रा किंवा कार्ड मिळतं, त्यावर किल्लीचा नंबर असतो. तो सापडला तर खाचा त्या नंबरावरून कापता येतात, कुलूप उघडावं लागत नाही. राहिला चिपचा प्रश्न, आणि तिथे कंपनीनुसार वाट बदलते. होंडाच्या मोठ्या गाड्यांत एचआयएसएस नावाची प्रणाली असते. त्यात चार किल्ल्यांपर्यंत नोंद होते, पण सगळ्याच हरवल्या तर ईसीयू बदला, असं होंडाची मालकासाठीची पुस्तिका सांगते. जुन्या डुकाटींबरोबर कोडचं कार्ड यायचं. त्यावरचे पाच अंक अॅक्सिलरेटरची मूठ पिळून भरले की अडचणीच्या वेळी गाडी सुरू करता येते. ते कार्ड कपाटात असेल तर तुम्ही सुटलात. काही गाड्यांत अधिकृत सेंटरचा संगणक शून्यातून नवी किल्ली नोंदवू शकतो. म्हणून सेंटरला जाऊन पहिला प्रश्न विचारा: एकही किल्ली नसताना नोंदणी होते, की ईसीयू आणि लॉक सेट दोन्ही बदलावे लागतात? उत्तर अंदाजपत्रकासह लेखी घ्या.

ईसीयू बदला असं उत्तर आलं तरी लगेच हो म्हणू नका. ईसीयू उघडून त्यातली मेमरी वाचून नवी चिप लिहिणारे कारागीर मोठ्या शहरांत आहेत. काम नाजूक आहे, म्हणून तुमच्याच मॉडेलवर आधी केलंय का ते विचारा, आणि मूळ मेमरीची प्रत काढल्याशिवाय हात लावू देऊ नका. दुसरा मार्ग म्हणजे अपघातात गेलेल्या त्याच मॉडेलच्या गाडीचा ईसीयू, इग्निशनचं कुलूप आणि किल्ली असा पूर्ण जोड. पण बिल आणि त्या गाडीचा चासी नंबर मिळत असेल तरच. बिलाविना मिळणारा जोड चोरीच्या गाडीचा असू शकतो. तुमची चावी हरवली म्हणून दुसऱ्याची गाडी कापली जायला नको.

दोन्ही किल्ल्या एकाच बॅगेत होत्या, याबद्दल तुम्हाला पत्रात वाईट वाटलेलं दिसतं. प्रवासाला निघताना जवळजवळ सगळेच असं करतात. यापुढे दुसरी घरी ठेवा. गावातून एसटीने पार्सल पाठवू शकेल अशा माणसाकडे असेल तर आणखी बरं.

सेकंड हँड यामाहा घेतो आहे. विकणाऱ्याकडे दोन काळ्या किल्ल्या आहेत, लाल नाही. म्हणतो, लाल कधी लागतच नाही. – नाशिक

रोज लागत नाही हे खरं. यामाहाच्या इमोबिलायझर (चिप ओळखून इंजिन सुरू होऊ देणारी यंत्रणा) असलेल्या गाड्यांत काळ्या किल्ल्या चालवायच्या आणि लाल किल्ली नोंदणीची. उद्या एक काळी हरवली तर नवी काळी गाडीला शिकवायला लालच लागते. ती नसेल तर गाडी आहे त्या काळ्यांवर चालत राहील, पण नवी नोंदवता येणार नाही, आणि तशी वेळ आली तर इमोबिलायझरचा सगळा संच बदलावा लागतो. यामाहाच्या पुस्तिकेतच हे लिहिलेलं आहे. केटीएममध्ये हेच काम नारिंगी किल्ली करते.

म्हणून व्यवहाराआधी सर्व्हिस सेंटरकडून त्या संचाची किंमत काढा आणि भावातून वजा करायला सांगा. विकणारा म्हणतो कुठेतरी पडली असेल, तर तिला शोधायला आठवडा द्या. बहुतेकदा ती मूळ बिलाच्या पाकिटात सापडते.

एक किल्ली हरवली, दुसरी आहे. कोणाला कळवायची गरज आहे का? – ठाणे

आहे. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दाव्याच्या वेळी मूळ किल्ल्या मागते. एकच पुढे केली की पहिला संशय येतो, दुसरी गाडीलाच लावून ठेवली होती का. त्या दिवशी 'दोन वर्षांपूर्वी हरवली होती' हे सांगून कोणी मानत नाही, कागद लागतो. पोलिसांकडे केलेल्या ऑनलाइन नोंदीची प्रिंट, विमा कंपनीला पाठवलेला ईमेल आणि नव्या किल्लीचं तारखेचं बिल, तिन्ही एकत्र ठेवा. पॉलिसीत किल्ली आणि कुलूप बदलण्याचं जादा कवच घेतलं असेल तर खर्चही मिळू शकतो, मात्र किती दिवसांत कळवायचं ते पॉलिसीत वाचा.

आणि एक काम आवर्जून करून घ्या. नवी किल्ली नोंदवताना हरवलेली किल्ली यादीतून काढून टाकली का, ते विचारा. होंडा आणि यामाहाच्या पद्धतीत नव्याने नोंदणी करताना जी किल्ली समोर नसेल तिची नोंद जाते. त्यामुळे घरातल्या सगळ्या किल्ल्या सोबत न्या, नाहीतर तुमचीच चांगली किल्ली बाद होईल. बाद झालेली किल्ली इंजिन सुरू करू शकत नाही, पण हँडल लॉक आणि टाकीचं झाकण ती अजूनही उघडते. ती घराजवळ किंवा पार्किंगमध्ये हरवली असेल तर चाकाला वेगळं कुलूप लावा.

किल्ली तीच, पण कधीकधी मीटरवरचा चावीचा दिवा विझतच नाही आणि गाडी सुरू होत नाही. पुन्हा फिरवली की होते. – सोलापूर

दोन चिपच्या किल्ल्या एकाच रिंगमध्ये आहेत का ते आधी बघा. घरातल्या कारची किल्ली आणि गाडीची किल्ली शेजारी लोंबत असल्या की दोन्ही चिपा एकाच वेळी बोलतात आणि गाडीला एकही नीट ऐकू येत नाही. जाड धातूची कीचेनही अडथळा आणते. किल्ली सुटी करून आठवडाभर वापरा. तरी होत असेल तर बॅटरीचं व्होल्टेज तपासा, आणि त्यानंतर वेटोळ्याचा जोड. गाडी प्रेशरने धुताना थेट इग्निशनवर पाणी मारत असाल तर ते बंद करा.

बाजारात चिपची कॉपी करून देणारे आहेत, शोरूमपेक्षा खूप स्वस्त. चालेल का? – छत्रपती संभाजीनगर

चालते, पण काय घेतो आहोत ते कळायला हवं. कॉपीवाला तुमच्या चालू चिपचा कोड वाचून रिकाम्या चिपवर तोच लिहितो. गाडीच्या लेखी ती नवी किल्ली नाही, जुनीच आहे. म्हणून हरवलेली किल्ली यादीतून जात नाही, ती सापडेल त्याच्या हातात पूर्ण चालू राहते. किल्ली विहिरीत पडली असेल तर कॉपी पुरे. बाजारात हरवली असेल तर रीतसर नोंदणीच करा.

या चिपा कॉपी होऊच शकत नाहीत, असा काही जणांचा समज आहे. २००५ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि आरएसए लॅबोरेटरीजच्या संशोधकांनी त्या वेळी लाखो गाड्यांत असलेली चाळीस बिटांची चिप फोडून दाखवली होती. २०१२ मध्ये हिटॅग २ या दुसऱ्या प्रचलित चिपचंही तेच झालं. तरीसुद्धा वायरी जोडून गाडी पळवणारा भुरटा चोर या चिपेपुढे थांबतो, म्हणून तिची किंमत आहे.

कॉपी करून घेणार असाल तर समोर उभं राहून करून घ्या आणि किल्ली रात्रभर दुकानात ठेवू नका. गाडी सोबत न्या. नवी किल्ली लावून इंजिन सुरू करा, बंद करा, पाच मिनिटं थांबून पुन्हा सुरू करा. मूळ किल्ली त्या वेळी खिशात नको, दूर ठेवा. ती कुलपाशी असली तर गाडी तिलाच ओळखेल आणि नकली चिप नापास झाल्याचं तुम्हाला घरी गेल्यावर कळेल.