तापली की बंद, गार झाली की चालू

प्रश्न : वडिलांची १९८६ ची पद्मिनी मोटार आहे, अजून वापरात आहे. इथं सोलापुरात मस्त चालते, सात रस्ता, नवी पेठ कुठंही न्या काही त्रास नाही. पण तुळजापूरला निघालो की अर्ध्या वाटेत पटकन बंद पडते, झाडाखाली अर्धा तास उभी केली की काहीच न झाल्यासारखी चालू. मेकॅनिकनं कार्बोरेटर साफ केला, पॉइंट (करंट जोडणारी-तोडणारी टोकं) बदलले, प्लग बदलले, फरक शून्य. आता म्हणतोय डिस्ट्रिब्युटरच (प्रत्येक प्लगला पाळीपाळीनं करंट वाटतो तो, पॉइंट त्यातच असतात) काढून टाकू आणि पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवू. काय करू?
- एक वाचक, विजापूर रोड

उत्तर : साहेब, आधी खिशात हात घालू नका. गाडी गार असताना गॅरेजला नेली तर मेकॅनिकला बिचाऱ्याला काय सापडणार, तेव्हा ती चांगलीच असते ना. तपासायची वेळ म्हणजे ती रस्त्यावर बंद पडलेली असते तेव्हाची, आणि ते काम तुम्हालाच करावं लागणार.

पहिलं बघायचं की बंद पडते कशी. धक्के खात, दम तोडत पडली तर पेट्रोलकडं बघा, एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं चाळीसच्या वर पारा असतो, पेट्रोलची पाइपमध्येच वाफ होते आणि पंप रिकामाच हलतो, पंपावर ओलं फडकं टाकलं आणि चालू झाली की समजायचं. पण किल्ली फिरवून बंद केल्यासारखी पटकन पडली तर ते करंटचं काम, आणि तुम्ही लिहिलंय पटकन, म्हणून माझा संशय कॉइल (बॅटरीच्या करंटचा दाब वाढवून स्पार्क देते ती) नाहीतर कंडेन्सर (पॉइंटवरच्या ठिणग्या आवरणारी छोटी डबी).

बंद पडल्या पडल्या, गार व्हायच्या आत, कॅपच्या (डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाच्या) मधली जाड वायर (कॉइलवरून येते ती) काढा, रबरी मुठीच्या पक्कडीनं तिचं टोक इंजिनच्या लोखंडापासून पाच-सहा मिलिमीटरवर धरा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. उघड्या हातानं धरू नका, झटका जबरदस्त बसतो, पेट्रोलचा वास येत असेल तर हा प्रयोग करूच नका, आणि पेसमेकर असलेल्यांनी तर लांबच राहावं. निळा, कडक आवाजाचा स्पार्क आला तर कॉइल-कंडेन्सर सुटले, मग रोटर (कॅपखाली फिरतो तो तुकडा) आणि कॅप बघा. पिवळट मरतुकडा आला किंवा आलाच नाही तर दोष त्याच्या अलीकडं.

मग बारा व्होल्टचा टेस्टर बल्ब घ्या, एक टोक कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या खिळ्याला (वायर जोडतात त्या टोकाला), दुसरं बॉडीला, सेल्फ मारताना बल्ब लुकलुकला पाहिजे. लुकलुकतोय पण स्पार्क नाही तर कॉइल किंवा कंडेन्सर. पेटूनच राहिला तर पॉइंट जोडत नाहीत, किंवा पॉइंटची प्लेट बॉडीला नीट लागत नाही. पेटलाच नाही तर पॉइंट चिकटलेत, कंडेन्सर आतून शॉर्ट झालाय, नाहीतर किल्लीकडून करंटच येत नाहीये. डिस्ट्रिब्युटरच्या आतली ती बारीक लवचिक वायरपण बघा, कातडं सोलून बॉडीला घासते आणि माणसाला वेडं करते.

कॅप काढून सेल्फ मारा, पॉइंटवर भडक ठिणग्या दिसल्या किंवा नवे पॉइंट लवकर काळे पडले तर कंडेन्सर संपला. तो आधी बदला, स्वस्त आहे. पण हल्ली बाजारात मिळणारे नवे कंडेन्सर डबीतूनच खराब निघतात, म्हणून जुना चांगला असेल तर फेकू नका. तरी पण बंद पडलीच तर कॉइल, तापल्यावर आतल्या गुंडाळीचं इन्सुलेशन सुटतं, गार झालं की परत बरं. आणि एक, इंजिन बंद असताना किल्ली चालूच ठेवायची सवय असेल तर सोडा, पॉइंट जुळलेले असले तर कॉइल भट्टीसारखी तापते.

इलेक्ट्रॉनिक वाईट नाही, पण कॉइल खराब असेल तर तो खर्च करूनही तुळजापूरच्या वाटेत बसालच.

प्रश्न : सगळ्या प्लग वायरी काढून पुसल्या, आता गाडी चालू व्हायच्या आधी कार्बोरेटरमधून फट् फट् करते.
- वाचक, अक्कलकोट रोड

उत्तर : वायरी उलटसुलट लागल्या. पद्मिनीचे सिलिंडर पेटायचा क्रम १-३-४-२, आणि एक नंबरचा सिलिंडर रेडिएटरकडचा. पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून भोकावर बोट ठेवा, इंजिन हातानं हळूहळू फिरवा, हवेचा दाब बोटाला जाणवला आणि पिस्टन वर आला की रोटर कॅपच्या ज्या खिळ्याकडं तोंड करून आहे ती एक नंबरची वायर. पुढच्या तीन वायरी रोटर ज्या दिशेनं फिरतो त्याच दिशेनं, ३, ४, २ अशा लावा. पुढच्या वेळी एकेक वायर काढा, पुसा, लावा, मगच दुसरी.