आधी उचलीचा हिशेब

प्रिय मुली,

तुझा आराखडा वाचला. सुरगाणा-पेठची नागली आणि वरई नाशिकमध्ये विकायची कल्पना चांगली आहे. पण ब्रँडवर पानंच्या पानं आणि खरेदीवर चार ओळी, हे काही पटलं नाही.

पाड्यावरची बाई पडत्या भावात माल का देते? भाव तिला मोबाइलवर कळतो. पण ऐन पावसाळ्यात कणगी रिकामी होते, पोर तापाने फणफणतं, तेव्हा उचल देतो तो व्यापारीच. मग दिवाळीच्या सुमारास मळणी झाली की धान्य त्याच्याच काट्यावर जातं. तू किलोमागे पाच रुपये जास्त दिलेस आणि पैसे महिन्याने दिलेस, तर तुझ्याकडे कोण येईल? खेळत्या भांडवलाची सोय आधी कर. केनियात २००६ मध्ये सुरू झालेल्या वन एकर फंडाने शेतकऱ्यांना बियाणं-खत उधारीवर दिलं आणि फेड जमेल तशी, थोडी थोडी घेतली. बचत गटांना सोबत घेऊन तुला असं काही करता येईल.

वजन तिच्या डोळ्यांदेखत कर, वजन-भावाची पट्टी लगेच हातात दे, ‘घट’ म्हणून परस्पर काही कापू नकोस. १९४६ पासूनच्या अमूलच्या गोष्टीत मला मोठी वाटते ती हीच बाब: दुधाचा दर फॅट मोजून ठरतो, कुणाच्या मर्जीवर नाही.

नागली थेट दळता येते. वरईचं टरफल मात्र काढावं लागतं, आणि ती उखळात कांडून बायकांचे हात भरून येतात. मशीन घेशील तर सिंगल फेजवर चालेल असंच बघ. पट्टा तुटला तर बदलणारा मुलगा पाड्यातलाच तयार कर. नाशिकहून मेकॅनिक येईपर्यंत हंगाम सरेल.

मोहाडीला सह्याद्री फार्म्स ही शेतकऱ्यांची कंपनी जरूर बघून ये, पण तो पसारा पाहून दबू नकोस. आणि गिऱ्हाईक एकच ठेवू नकोस. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाचा अंश सापडला आणि आपली द्राक्षं युरोपात अडकली, तेव्हा भल्याभल्या बागायतदारांचे हाल झाले. मोठी दुकानं बिल काढायला दीड-दोन महिने लावतात. तेवढे दिवस पाड्यावरचे पैसे कुठून देणार, याचा हिशेब मांडून पाठव. मग लोगोचं बघू.

तुझा,
काका