आर स्क्रिप्टमधली कोणती पॅकेजेस वापरातच नाहीत, हे कसं ओळखायचं?

स्क्रिप्टच्या डोक्यावर ‘लायब्ररी’च्या वीसेक ओळी, त्यातल्या बऱ्याचशा जुन्या कामातून उचललेल्या, आणि आता कोणत्या उडवल्या तर चालतील, असा तुमचा प्रश्न आहे.

सुरुवात लिंटआर (lintr) या कोड तपासणाऱ्या पॅकेजपासून करा. त्यात न वापरलेली पॅकेजेस शोधणारा एक तपासनीस आहे. तो कोड चालवत नाही, नुसता वाचतो: प्रत्येक पॅकेज कोणकोणती नावं पुरवतं ते बघतो आणि त्यातलं एकही तुमच्या कोडमध्ये सापडलं नाही की बोट दाखवतो. त्यामुळे ती पॅकेजेस मशीनवर इन्स्टॉल असायला हवीत. पॅकेजचा वापर सगळीकडे दोन कोलन लावूनच (जसं dplyr::filter) केला असेल, तरी तो ओळ फालतू ठरवतो, आणि ते बरोबरच आहे. (प्रोजेक्टची पॅकेजेस सांभाळणाऱ्या रेनव्हीची डिपेंडन्सी यादी, म्हणजे लागणाऱ्या पॅकेजेसची यादी, पुष्कळ जण सुचवतात. पण ‘लायब्ररी’ची ओळ दिसली की पॅकेज तिच्या यादीत आलंच, पुढे ते वापरलंय का, हे तिला विचारू नका.)

लिंटआरची यादी मात्र संशयितांची समजा. टायडीव्हर्स (एकत्र येणारा पॅकेजेसचा संच), डेटा.टेबल आणि बिट६४ या पॅकेजेसना तो मुळातच हात लावत नाही. बिट६४ला सूट का, ते बघण्यासारखं आहे. याचं एकही फंक्शन तुम्ही नाव घेऊन बोलावलेलं नसतं, तरी मोठे पूर्णांक छापणं आणि त्यांची बेरीज करणं त्याच्याच जिवावर चालतं. हे आकडे आतून दशांश संख्येच्या जागेत साठवलेले असतात. आरच्या स्वतःच्या आरडीएस फाइलमधून असा कॉलम वाचला आणि बिट६४ कुठूनच लोड झालेलं नसलं, तर १ च्या जागी ४.९४ गुणिले १० चा उणे ३२४ वा घात छापला जातो. एरर नाही, वॉर्निंग नाही!

म्हणून एकेक ओळ काढा, आर बंद करून कोऱ्या सेशनमध्ये स्क्रिप्ट पहिल्यापासून चालवा आणि शेवटचे तक्ते आधीच्या तक्त्यांशी ताडून बघा. चालू सेशनमध्ये हे करण्यात अर्थ नाही, पॅकेज तिथे आधीच जोडलेलं असतं. एरर आली तरी ती खरं कारण सांगेलच असं नाही. डेटा हाताळणारं डीप्लायर काढलं की त्याच्यासोबत ‘फिल्टर’ हे नाव गायब होत नाही, आरसोबतच येणाऱ्या स्टॅट्स पॅकेजमधलं त्याच नावाचं वेगळंच फंक्शन पुढे येतं आणि ‘हा कॉलम सापडत नाही’ अशा अर्थाची तक्रार करतं. मग माणूस डेटा उपसत बसतो.

टायडीव्हर्सची एक ओळ ९ पॅकेजेस जोडते. स्वतःपुरतं विश्लेषण असेल तर ती खुशाल राहू द्या. स्क्रिप्ट सर्व्हरवर रोज चालणार असेल, तर लागतील तेवढीच नावं लिहा.

पायथनमध्ये हेच काम रफ (Ruff) या कोड तपासणाऱ्या साधनाचा एफ४०१ नियम करतो. फक्त त्यावरून थेट अनइन्स्टॉल करू नका: डेटा हाताळणारं पांडाज एक्सेलची नव्या प्रकारची (.xlsx) फाइल ओपनपायएक्सएल या दुसऱ्या पॅकेजच्या मदतीनं वाचतं, आणि त्याचं नाव तुमच्या कोडमध्ये कुठेच नसतं.